ओझं स्वतःकडे घेणारा शिक्षक

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. सादरकर्ते होते गिरीश कार्नाड. माथेरानला जन्मलेला हा कन्नड नाटककार मराठी घरांत चांगला ओळखीचा होता, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी टीव्हीसमोर बसणारी मंडळीही असायची. माझा जीव मात्र अडकलेला असे प्रेक्षकांच्या प्रश्नांत. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून लोक प्रश्न पाठवत आणि उत्तरं द्यायला बसत भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल. पांढरे, मानेवर रुळणारे केस, पंजाबी वळणाचं बोलणं, आणि घाई कसलीच नाही. प्रश्न ऐकला की ते क्षणभर थांबायचे. आधी त्यांना स्वतःलाच त्या प्रश्नाची मजा वाटायची, ती चेहऱ्यावर दिसायची, मग बोलणं सुरू व्हायचं.

तोवर विज्ञान सांगणारी माणसं आम्ही पाहिली होती ती वर्गात, फळ्याकडे तोंड करून व्याख्या लिहून देणारी. इथे एक माणूस आपल्यासमोर बसून विचार करत होता. तारे लुकलुकतात आणि ग्रह का लुकलुकत नाहीत, अशा धाटणीचा प्रश्न घ्या. पुस्तकी उत्तर एका ओळीत संपतं: वातावरणातील अपवर्तनामुळे. यशपालांचा रस्ता लांबचा असे. तारा इतका दूर की आपल्याला तो बिंदूच दिसतो. त्या बिंदूतून येणारी प्रकाशाची बारीकशी रेघ हवेच्या हलत्या थरांतून येताना जरा इकडे, जरा तिकडे वळते, म्हणून ती डोळ्यात कधी जास्त येते, कधी कमी. ग्रह जवळ आहे, दुर्बिणीतून त्याची चकती दिसते. म्हणजे तो अनेक बिंदूंचा मिळून झालेला. एक बिंदू मंदावतो तेव्हा शेजारचा उजळतो, हिशेब बरोबर होतो आणि ग्रह शांत दिसतो. हे शब्द माझे आहेत. पण असं पायरी-पायरीने, पुढची पायरी ऐकणाऱ्यालाच सुचेल अशा बेताने चालायला मी त्यांचं ऐकून शिकले. एखाद्या गोष्टीचं उत्तर आपल्याकडे नाही, हे सांगायलाही ते कचरत नसत. राष्ट्रीय वाहिनीवर बसलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ 'माहीत नाही' म्हणू शकतो, हे तेव्हाच्या विद्यार्थ्याला केवढं मोकळं करणारं होतं, ते आज सांगून पटायचं नाही.

पुढे त्यांच्याबद्दल वाचत गेले तसतसं लक्षात आलं की टीव्हीवरचे यशपाल हा त्यांच्या कामाचा एक तुकडा होता. वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट करत आला होता. समजण्याचं ओझं शिकणाऱ्याच्या डोक्यावरून उचलायचं आणि जो सबळ आहे, ज्याला ते पेलवतं, त्याच्या खांद्यावर द्यायचं.

त्यांचा जन्म १९२६ चा, आता पाकिस्तानात असलेल्या झंगचा. फाळणीच्या उलथापालथीतच त्यांचं भौतिकशास्त्राचं शिक्षण पुरं झालं आणि ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आले. तिथे विश्वकिरणांवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांवर, काम. विशिष्ट छायाचित्रण-द्रव्याचे थर फुग्यांना बांधून वातावरणात उंच सोडायचे, खाली आले की धुवायचे, आणि विश्वकिरणांतल्या कणांनी उमटवलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास तपासायच्या. मधे अमेरिकेतल्या एमआयटीत जाऊन १९५८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि परत मुंबई. टीआयएफआरच्या त्या पिढीत एक वेगळं वारं होतं. भा. मा. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी ही संशोधनात मुरलेली माणसं महापालिकेच्या शाळांत जाऊन बसत होती. त्यातूनच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं, जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात ग्रामीण शाळांबरोबर काम झालं. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगालाही टीआयएफआरचे शास्त्रज्ञ जाऊन मिळाले, आणि यशपाल त्याचे खंदे पाठीराखे होते. तिथे मुलं गटागटाने प्रयोग करत, निरीक्षणं लिहीत, आणि त्यावरून आपापसांत वाद घालून निष्कर्षावर येत.

विक्रम साराभाईंनी 'नासा'शी १९६९ मध्ये एक करार केला होता. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळणार आणि त्यावरून खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवायची. १९७१ च्या डिसेंबरात साराभाई गेले. मग इस्रोचे प्रमुख सतीश धवन यांच्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राची जबाबदारी आली यशपालांकडे. ते त्या केंद्राचे पहिले संचालक. विश्वकिरणांच्या रेषा बघणारा माणूस आता गावोगावी टीव्ही बसवायला निघाला.

या प्रयोगाचं इंग्रजी आद्याक्षरांतलं नाव 'साइट'. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतली २,४०० गावं: आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण माणसं होती. कार्यक्रमाची सूत्रं एकनाथ चिटणीस सांभाळत होते, पुण्याचे प्रमोद काळे अभियंत्यांमध्ये होते आणि किरण कर्णिकांसारखे तरुण कार्यक्रमांच्या बाजूला.

यातली तांत्रिक कल्पना मला फार आवडते, म्हणून ती जरा नीट सांगते. तोवरचे दळणवळण उपग्रह अशक्त असत. त्यांचा क्षीण संदेश पकडायला जमिनीवर प्रचंड थाळ्यांची केंद्रं लागत, शहराबाहेर, कोट्यवधींच्या खर्चाची. एटीएस-६ वर मात्र नऊ मीटर व्यासाचा, अवकाशात गेल्यावर छत्रीसारखा उघडणारा अँटेना होता. उपग्रहच इतका ताकदवान केल्यामुळे खाली गावात तीनेक मीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची थाळी पुरायची. जाळीची थाळी, उपग्रहाचा संदेश टीव्हीला चालेल असा करणारा एक छोटा परिवर्तक आणि टीव्ही संच, बस्स. गावातल्या शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीत ते बसायचं. चित्र एकच, पण त्याबरोबर दोन ध्वनी, म्हणजे त्याच चित्रावर एका गावाला तेलुगू ऐकू येई आणि दुसऱ्या गावाला कन्नड. जड, महाग, गुंतागुंतीचं जे काही ते सगळं वर ठेवायचं आणि गावकऱ्याच्या वाट्याला येईल ते हलकं, स्वस्त, तिथल्या तिथे दुरुस्त होणारं करायचं, अशी ही मांडणी.

रोज साधारण चार तास कार्यक्रम. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी सगळ्या गावासाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, गाणीबजावणी. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत इस्रोच्या एका लहानशा स्टुडिओत तयार होत. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षण याच उपग्रहावरून झालं. मानववंशशास्त्राचे अभ्यासक गावांत जाऊन राहिले, टीव्ही आल्यावर गावात काय होतं ते बघायला. ज्यांच्या घरी रेडिओसुद्धा नव्हता अशी माणसं एकदम उपग्रह दूरचित्रवाणी बघत होती, आणि तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांतही टीव्ही पोहोचलेला नव्हता.

या प्रयोगाचं कौतुक करताना दोन गोष्टी मला खुपतात. एक, हे सगळं आणीबाणीच्या वर्षात झालं. सरकारचा आवाज थेट गावच्या चावडीवर नेणारं इतकं प्रभावी साधन, आणि त्याच वेळी वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. दुसरी गोष्ट मूळ स्वभावातलीच: टीव्ही बोलतो, गाव ऐकतं. गावाला उलट विचारता येत नाही. ठरलेलं वर्ष संपलं, उपग्रह मूळ मालकांनी हलवला आणि पुष्कळ गावांतले पडदे काळे झाले. 'टर्निंग पॉइंट'मध्ये पंधराएक वर्षांनी प्रेक्षकांच्या प्रश्नांना ती मानाची जागा मिळाली, तिचं मूळ मला या एकतर्फीपणात दिसतं. साइटमध्ये जे राहून गेलं होतं, म्हणजे ऐकणाऱ्याचं बोलणं, ते यशपालांनी तिथे आणलं. हा माझा अंदाज आहे. पण त्यांच्या कामाचा क्रम बघितला की तो मला पटतो.

मधली वर्षं भराभर पदांची. संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या अंतराळ परिषदेचे महासचिव, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव, आणि १९८६ ते १९९१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. या शेवटच्या खुर्चीचं पुण्यावर ऋण आहे. विद्यापीठांतल्या संशोधकांना महागडी उपकरणं, ग्रंथालय, जगातल्या घडामोडी एकेकट्याने मिळवणं शक्य नाही, तर सगळ्यांसाठी मिळून सामाईक केंद्रं काढू, हा विचार त्यांनी जोमाने पुढे नेला. त्यातूनच १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था सुरू झाली आणि टीआयएफआरमधले जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. चार्ल्स कोरियांनी बांधलेली ती काळ्या दगडाची वास्तू, पुढे पु. ल. देशपांड्यांच्या नावाने तिथे झालेली मुक्तांगण विज्ञान शोधिका, शनिवारी व्याख्यानांना येणारी शाळकरी मुलं, हे सगळं पुणेकरांच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यामागे दिल्लीत बसून कोणी तरी आग्रह धरला होता हे विसरायला होतं. एखाद्या लहान गावातल्या महाविद्यालयाचा प्राध्यापक आयुकात येऊन महिनाभर राहू शकतो, तिथली सामग्री हक्काने वापरू शकतो. इथेही सबळाने भार घ्यायचा, हीच रीत.

याच यशपालांनी पुढे छत्तीसगडच्या खासगी विद्यापीठ कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या कायद्याच्या आधाराने शंभराहून अधिक विद्यापीठं निघाली होती, त्यांतल्या कित्येकांना धड इमारतही नव्हती. २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली. टीव्हीवरच्या त्या हसऱ्या आजोबांना वयाच्या पंच्याहत्तरीनंतर कोर्टात उभं राहायची जिद्द होती, हे मला त्यांच्या लोकप्रियतेपेक्षा मोठं वाटतं.

आणि मग तो अहवाल. लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य असताना त्यांनी सभागृहात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल कळकळीने भाषण केलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारने १९९२ मध्ये यशपालांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. सरकारी अहवालांच्या मानाने अगदी छोटा. त्याचं म्हणणं असं, की दप्तराचं वजन हा प्रश्न खरा आहे, पण त्याहून घातक ओझं न समजण्याचं आहे. शिकवलं खूप जातं, त्यातलं कळतं फार थोडं. जे कळत नाही ते मूल पाठ करतं, परीक्षेत ओकतं आणि मोकळं होतं. अभ्यासक्रम बनवणाऱ्यांना 'ज्ञानाचा स्फोट' झाल्यासारखं वाटतं आणि ते प्रत्येक आवृत्तीत काही ना काही वाढवत जातात. पाठ्यपुस्तकं लिहिताना मूल डोळ्यांसमोर नसतं. समितीने सुचवलं की पुस्तकं लिहिण्यात शिक्षकांचा सहभाग वाढवा, बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलाखती आणि चाचण्या बंद करा, प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नका.

महाराष्ट्रात यानंतर दप्तराच्या वजनाबद्दल शासन निर्णय निघाले, शाळांतून वजनकाटे आले. वजन मोजता येतं, म्हणून ते मोजलं गेलं. न समजण्याचं ओझं मोजायला काटा नाही, आणि ते तसंच राहिलं. मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले आहे. सातवी-आठवीच्या मुलांना न कळलेल्या गोष्टीवर 'कळलं' म्हणायची जी सवय लागलेली असते, ती सोडवणं हे माझ्या कामातलं सगळ्यांत अवघड काम. एखादा मुलगा तीन महिन्यांनी पहिल्यांदा 'बाई, हे मला अजिबात कळलेलं नाही' म्हणतो, तेव्हा खरं शिकणं सुरू होतं. आणि त्यावर चिडायचं नसतं, हे ज्यांच्याकडून मी शिकले त्यांत यशपाल आहेत. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार करणाऱ्या सुकाणू समितीचेही तेच अध्यक्ष होते. मुलाचं बाहेरचं जगणं आणि शाळेतलं ज्ञान यांची सांगड घाला, असं त्या आराखड्याने बजावलं. पुस्तकं थोडी बदलली. परीक्षा फारशा नाही.

या सगळ्यात मी मुद्दाम शेवटी ठेवलं ते १९९५ चं खग्रास सूर्यग्रहण. कारण त्या एका सकाळी त्यांच्या कामाचे सगळे धागे एकत्र आले होते.

त्याआधीचं मोठं ग्रहण १६ फेब्रुवारी १९८० चं. खग्रास पट्टा कारवार-अंकोल्याकडून आत शिरून ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता. मुंबई-पुण्यात, कोल्हापुरात सूर्य मोठ्या प्रमाणात झाकला गेला, आणि रस्त्यांवर दुपारी संचारबंदीसारखी शांतता. लोकांनी घरातच राहावं म्हणून दूरदर्शनने भर दुपारी हिंदी चित्रपट लावला होता. डोळ्यांना अपाय होऊ नये हा हेतू असेल. पण एका अख्ख्या पिढीला ग्रहण म्हणजे दारं-खिडक्या लावून बसायची वेळ एवढंच कळलं. वेध पाळायचे, पाण्यात तुळशीचं पान टाकायचं, गरोदर बाईने विळीला हात लावायचा नाही, आणि सुटलं की दारावर 'दे दान, सुटे गिऱ्हाण'.

२४ ऑक्टोबर १९९५ ची सकाळ. ऐन दिवाळी. महिन्याभरापूर्वीच, २१ सप्टेंबरला, देशभर गणपती दूध पिऊ लागल्याची आवई उठली होती आणि देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण दाखवून तो प्रकार समजावला होता. त्या हवेत हे ग्रहण येत होतं. पण या वेळी त्याच दूरदर्शनने कॅमेरे लावले. राजस्थानातलं नीम का थाना, अलाहाबादजवळचं इरादतगंज, बंगालमधलं डायमंड हार्बर, या खग्रास पट्ट्यातल्या जागांवरून थेट प्रक्षेपण झालं. आणि सांगायला होते यशपाल.

आमच्याकडे महाराष्ट्रात ते खंडग्रासच होतं. आत टीव्हीवर यशपाल, बाहेर अंगणात कडुलिंबाखाली शेकडो चंद्रकोरी. पानांमधली प्रत्येक फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचं काम करते आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा उमटवते. एरवी ते कवडसे गोल दिसतात, म्हणून ती सूर्याची चित्रं आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. त्या दिवशी सूर्य कोरीसारखा झाला आणि सगळे कवडसेही कोरीचे झाले. माझी आजी वेध पाळणारी, तिने जेवण केलं नव्हतं, पण ती अंगणात येऊन ते कवडसे बघत होती.

खग्रास स्थिती दीड मिनिटही टिकली नाही. शेवटचा प्रकाश चंद्राच्या कडेवरच्या एखाद्या दरीतून निसटला, हिऱ्याची अंगठी दिसली, मग अंधार आणि सूर्याभोवती मोतिया रंगाचं प्रभामंडल. यशपाल बोलत होते, आणि त्यांचा आवाज भरून आल्यासारखा झाला होता. इतकी वर्षं विश्वकिरणं तपासलेला माणूस लहान मुलासारखा हरखून गेला होता आणि ते त्याने लपवलं नाही. चंद्र सूर्याच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा रुंद आणि सुमारे चारशेव्या हिश्शाएवढ्या अंतरावर, म्हणून दोघं आकाशात जवळजवळ सारखेच दिसतात आणि एक दुसऱ्याला नेमका झाकतो. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे, तेव्हा फार फार पुढच्या काळात पृथ्वीवरून खग्रास ग्रहण दिसणार नाही. आपण ते दिसण्याच्या काळात जन्मलो आहोत. हे कळल्यावर कोणाला घरात बसवेल?

भीती घालवायला वाद घालता येतो, आणि आपल्याकडे तो घालणाऱ्यांनी मोठी किंमत मोजली आहे. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. यशपालांनी त्या सकाळी वाद घातला नाही, कोणाच्या आजीला खुळं ठरवलं नाही. त्यांनी आनंद दाखवला, आणि तो खरा होता म्हणून लोक बाहेर आले. एका राष्ट्रीय वाहिनीने पंधरा वर्षांत घेतलेलं हे वळण मला आपल्या सार्वजनिक जीवनातल्या फार थोड्या निखळ चांगल्या गोष्टींपैकी एक वाटतं.

ऐंशी ओलांडल्यावरही ते वर्तमानपत्रातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. २००९ मध्ये विज्ञानप्रसारासाठीचा युनेस्कोचा कलिंग पुरस्कार, २०१३ मध्ये पद्मविभूषण. २४ जुलै २०१७ ला नोएडात ते गेले, वय नव्वद. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. आता माहितीला तोटा नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनवर यशपालांनी कधी पाहिली नसतील इतकी ग्रहणाची चित्रं आहेत. पण आपला प्रश्न कोणी तरी मोठ्या माणसाने सगळ्या देशासमोर हातात घेऊन कौतुकाने फिरवून बघितला, हा अनुभव त्यांतल्या एकालाही मिळालेला नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल आणि पावसाळी ढगांनी वाट दिली तर महाराष्ट्रातून दुपारनंतर ते खंडग्रास दिसेल. भारताच्या भूमीवर खग्रास येईल ते २० मार्च २०३४ ला, लडाख-काश्मीरच्या बाजूला. सह्याद्री वाहिनीने त्या दिवशी मराठीतून सांगायला कोणाला बसवायचं याचा शोध आताच सुरू करावा. निवड करताना उमेदवाराला आधी दहा-बारा शाळकरी मुलांमध्ये तासभर बसवावं आणि तो त्यांचं किती ऐकतो, ते पाहावं.